हुरड्याला नाही म्हणताना

नाही म्हणायला मी कधी लाजले नाही. पाणी घातलेलं दूध आणणाऱ्या गवळ्याला नाही, शिळी मेथी गळ्यात मारू बघणाऱ्या भाजीवाल्याला नाही, आणि जनगणनेची जास्तीची वस्ती माझ्या माथी मारायला निघालेल्या हेडमास्तरांनाही सरळ तोंडावर नाही. आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला कुणीतरी आवर घाला. पण एका माणसाला नाही म्हणताना मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण तो माणूस चांगला होता. वाईट माणसाला नाही म्हणण्यात काय मोठं, ते कुणालाही जमतं.

सत्तर-एकाहत्तरचा हिवाळा. मी नगरला राहायचे आणि दौंड रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवायचे. रोजचं अप-डाऊन. सकाळी स्टँडवर काष्टीकडं जाणारी एस.टी. लागली की जी काही झुंबड उडायची, ती आठवली तरी आजही माझ्या पायाची बोटं दुखतात. दार एक, त्यात अर्धं गाव घुसणार. अशा वेळी जागा धरायची एकच रीत सगळ्यांना मान्य होती. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताशी असेल ते सीटवर टाकायचं. रुमाल पडला की सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखी ती जागा त्या माणसाची, मग तो सगळ्यात शेवटी का चढेना. एकदा एक फेटेवाले बाबा दुसऱ्याच्या रुमालावर ऐसपैस बसले, तर ते उठेपर्यंत कंडक्टरनं घंटी मारली नाही.

रुमाल टाकण्यात डॉक्टरांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. डॉक्टर म्हणजे गुरांचे. मी ज्या गावात शिकवायचे तिथल्याच गुरांच्या दवाखान्यात ते होते. राहायचे नगरला खोली घेऊन, पण त्यांचं घर आणि मळा काष्टीच्या अलीकडं, आमच्याच रस्त्यावर. उंच, सावळे, बोलायला लाजरे, आणि कितीही साबण लावला तरी अंगाला फिनेलचा वास. गाडीत पाऊल टाकलं की एखादी आजी ओरडायचीच, "अवो डाक्टर, म्हस पान्हा चोरतीय, काय करू?" डॉक्टर दांडीला लोंबकळत तिला सगळं समजावून सांगायचे. लोंबकळत, कारण धरलेली जागा ते स्वतःसाठी कधी धरायचेच नाहीत. ती आम्हा दोघींसाठी असायची, माझ्यासाठी आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईंसाठी. नर्सबाई पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या आणि तोंडानं त्याहून. सगळ्या गाडीत मला अगं-तुगं करणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

तर एकदा काय झालं, माझ्या डब्याचं झाकण सैल राहिलं आणि लसणाच्या चटणीचं तेल डॉक्टरांच्या पांढऱ्याशुभ्र रुमालावर सांडलं. मी ओशाळले. रुमाल घरी नेला, साबणात भिजवला, दगडावर घासला, वाळवला, तांब्यात निखारे भरून त्याला कडक इस्त्री केली आणि दुसऱ्या दिवशी भर गाडीत त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "घ्या डॉक्टर, स्वच्छ धुतलाय. इस्त्रीपण केलीय."

तिकिटाला भोकं पाडणाऱ्या कंडक्टरच्या चिमट्याची टिकटिक थांबली. मागच्या सीटवरच्या दोघी बायका एकमेकींकडं बघून पदरात हसल्या. डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि त्यांनी तो रुमाल घामाला न लावता घडी न मोडता वरच्या खिशात ठेवला.

नर्सबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "अगं बये, काय केलंस हे?"

"काय केलं? तसाच तेलकट परत द्यायचा होता का?"

"नवा घेऊन द्यायचा! नाहीतर विसरून जायचं! परक्या बाप्याचं कापड घरी नेऊन, धुऊन, वर इस्त्री करून आणलीस. इकडं नवऱ्याचं धुतात गं असं. सगळ्या गाडीनं पाहिलं."

आमच्या घरी धुणं म्हणजे धुणं. रुमालाला असा काही अर्थ चिकटतो हे माझ्या गावीही नव्हतं. मी फणकारले, "लोकांना कामधंदे नाहीत का?" पण त्या दिवसापासून कंडक्टर माझं तिकीट देताना उगीचच गालात हसायला लागला, आणि डॉक्टर केसांना तेल लावून भांग पाडून यायला लागले. फिनेलच्या वासात आता चमेलीचा वास मिसळला. काय सांगू, सगळ्या गाडीचं डोकं उठलं.

मग एका सोमवारी, संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही फाट्यावरच्या लिंबाखाली उभे होतो. नर्सबाई त्या दिवशी रजेवर होत्या. डॉक्टरांनी दोनदा घसा खाकरला.

"बाई, रविवारी आमच्या मळ्यात हुरड्याला याल का?"

"वा! कोण कोण येतंय?"

"तुम्ही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणि घरी आई आहे. चुलते आहेत. मामांनाही बोलावलंय."

हुरड्याला मामा कशाला लागतो, हे न कळण्याइतकी मी काही कुक्कुबाळ नव्हते.

"आईनं गुळभेंडी ज्वारीचा एक वाफा राखून ठेवलाय तुमच्यासाठी," डॉक्टर जमिनीकडं बघत म्हणाले. "आणि बाई, हुरडा मी स्वतः चोळून देणार."

ज्यांनी हुरडा खाल्लाय त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेलं ज्वारीचं कोवळं कणीस बाहेर काढलं की ते गरमागरमच तळहातावर चोळावं लागतं, तरच दाणे सुटतात. गार झालं की संपलं. चोळणाऱ्याचे हात पोळून लाल होतात, आणि खाणारा नुसता फुंकर मारून तोंडात टाकतो. म्हणून चोळायला गडी नाहीतर घरातलं कुणी बसतं, आणि शिकलेला, सरकारी नोकरीतला मुलगा सहसा खाणाऱ्यांत असतो. डॉक्टर म्हणत होते, तुमच्यासाठी मी हात पोळून घेतो. खोटं कशाला सांगू, मला ते ऐकून बरं वाटलं. इतकं चांगलं मला तोवर कुणी काही म्हटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसं कुणी म्हटलं नाही.

पण माझ्या मनात तसं नव्हतं. नव्हतं तर नव्हतं. माणूस चांगला, नोकरी पक्की, मळा बागायती, जातही एक. नाही म्हणायला जगाला पटेल असं एकसुद्धा कारण माझ्याजवळ नव्हतं. डॉक्टर भेटले की बरं वाटायचं, नाही भेटले तर आठवण यायची नाही, एवढंच. आणि नोकरी लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. पहिल्यांदाच मी सकाळी घराबाहेर पडत होते, माझ्या वर्गातली पोरं माझ्या हाताखाली वाचायला लागली होती, बाहेरून बी.ए. करायचं मनात होतं. ते सगळं मला हवं होतं.

आणि हे घरी समजलं असतं तर? माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कोर्टात कारकून होते. कोर्टात रोज दोन्ही बाजू ऐकायचे, पण घरात मात्र थेट निकाल लागायचा, सुनावणी व्हायची नाही. ताईचं लग्न ठरलं ते तिला सुपारी फुटल्यावर कळलं. आता रविवारी डॉक्टरांच्या मामांनी मला पाहिलं की पुढच्या रविवारी ते अण्णांपुढं येऊन बसणार, आणि असं स्थळ चालून आल्यावर अण्णा जागच्या जागी हो म्हणणार. मग कसली शाळा आणि कसलं बी.ए.! काष्टीच्या मळ्यात आगटीपुढं बसलेली मी मला दिसायला लागले. म्हणजे जे काय करायचं ते रविवारच्या आत, आणि मलाच करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नर्सबाईंना सगळं सांगितलं.

"ताप आलाय म्हणून सांग," त्या म्हणाल्या.

"हुरडा काय एकाच रविवारचा असतो का? पुढचा महिनाभर ताप कुठून आणू?"

"मग राखी बांध. आमच्यात एकीनं असंच केलेलं. पोरगा पुन्हा दिसला नाही."

"आत्ता पौषात? आणि राखी ही काय शिक्षा आहे? त्या माणसानं चांगल्या मनानं विचारलं, त्याला मी दोऱ्यानं बांधून गप्प बसवू? मला भाऊ आहेत दोन, तेवढे पुरेत."

"मग पत्रिका जमत नाही म्हण!"

"कुणी पाहिलीय पत्रिका?"

नर्सबाई वैतागल्या. "मग सरळ तोंडावर नाही म्हण जा! असं कधी कुठल्या मुलीनं केलंय का?"

केलं नसेल. पण खोटं बोलून टाळलं असतं तर डॉक्टर वाट बघत बसले असते, आणि अपमान करून टाळलं असतं तर रोज त्याच गाडीत त्यांना मान खाली घालून चढावं लागलं असतं. दोन्ही मला नको होतं. सगळी गाडी आधीच डोळे लावून बसली होती. मी मनाशी वाक्यं जुळवली, आरशापुढं म्हणून पाहिली, आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत छत्री घेऊन तरातरा गुरांच्या दवाखान्यात गेले. पौषात छत्री कशाला घेतली होती, देव जाणे.

दवाखान्याच्या आवारात जनावरं अडकवायच्या लाकडी खोड्यात एक गाय उभी होती. डॉक्टर उघड्या अंगावर रबरी एप्रन घालून तिच्या मागं उभे होते, आणि त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत होता. गाईचा मालक शेपटी धरून उभा. मला बघून डॉक्टर इतके गडबडले की गाईनंही मागं वळून पाहिलं.

"तुमचं चालू द्या, मी थांबते," मी म्हटलं.

"नाही, नाही, बोला ना. कुणाचं जनावर आजारी आहे का?"

"नाही. जरा तुमच्याशी बोलायचं होतं."

डॉक्टरांनी मालकाला गरम पाणी आणायला पिटाळलं. तो शेपटीकडं बघायला लागला, म्हणून ती मी धरली. आता मागं फिरायची सोय उरली नव्हती. आरशापुढची वाक्यं सगळी विसरली. हातात शेपटी घेऊन मी सुचेल तसं बोलले.

"डॉक्टर, तुम्ही मला हुरड्याला बोलावलंत ते कुठल्या मनानं, ते मला समजलं. मला त्याचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, मान वाटला. पण मी त्या अर्थानं आले तर ती तुमची फसवणूक होईल. माझं मन तसं होत नाही. तुमच्यात काही उणं आहे म्हणून नाही. मी शोधून पाहिलं, सापडलं नाही. आणि रुमाल मी धुतला तो तेल सांडलं म्हणून. त्याचा इकडं काय अर्थ होतो ते मला ठाऊक नव्हतं. तुमची उगीच आशा वाढली, त्याचं मला फार वाईट वाटतं."

डॉक्टरांचा हात गाईत, पळून जाता येईना, तोंड फिरवता येईना. बिचाऱ्यांना सगळं ऐकून घ्यावं लागलं. मग ते म्हणाले, "गाभण आहे. तीन महिने झालेत."

"काय?"

"गाय."

मला हसू फुटलं. दाबायला गेले तर आणखीच फुटलं. आणि मग डॉक्टरही हसले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मी पाहिलं. ते कशाचं, ते मी विचारलं नाही. हात काढून त्यांनी बादलीतल्या पाण्यानं दोन्ही हात खांद्यापर्यंत धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले.

"वाईट वाटलं, बाई," ते म्हणाले. "वाटणारच. पण तुम्ही निरोप धाडला नाहीत, स्वतः आलात. उद्या मामा तुमच्या घरी येऊन बसले असते म्हणजे सगळंच अवघड झालं असतं. तुम्ही घोर लावून घेऊ नका. आईला मी सांगतो, आणि गाडीतलंही मी बघतो."

गाडीतलं ते काय बघणार, मला समजेना. शुक्रवारी सकाळी गाडी स्टँडबाहेर पडली तसे डॉक्टर दांडीला धरून मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, रविवारी आमच्या मळ्यात हुरडा आहे. सगळ्यांनी यायचंय, घरच्यांना घेऊन. कंडक्टर, तुम्हीपण." लाजरा माणूस, पण आवाज सगळ्या गाडीत गेला. आठवडाभर जी गाडी आमच्या दोघांकडं टक लावून बसली होती, ती एका झटक्यात दही कोण आणणार, चटणी कोण आणणार यावर भांडायला लागली. आमची गोष्ट त्या गोंधळात कुठं विरून गेली, कुणाला समजलंही नाही. नर्सबाई तेवढ्या माझ्या कानाशी लागल्या. "अगं, हा माणूस सोन्यासारखा आहे. अजून विचार कर."

"मग तुमच्या भाचीला दाखवा की," मी म्हटलं. त्या विचारात पडल्या.

सगळ्यांत मी एकटीच गेले नसते तर सगळ्यांना पुन्हा शंका आली असती, म्हणून घरी परवानगी मागितली. अण्णा म्हणाले, "परक्या गावात एकटी? मी येतो." हुरडा त्यांचा जीव की प्राण होता, हे त्यामागचं खरं कारण.

रविवारी मळ्यात नुसता धुरळा. विहिरीजवळ दोन आगट्या पेटलेल्या, पोती अंथरलेली, ताटल्यांत गूळ, दही, जवसाची चटणी. डॉक्टर बाह्या सारून चोळायला बसले होते आणि सगळ्या गाडीला आपल्या हातानं हुरडा देत होते. त्यांचे तळहात लालबुंद झाले होते. कंडक्टर तर एवढा खात होता की नर्सबाई म्हणाल्या, "तुमच्याकडून लगेजचं तिकीट घ्यायला पाहिजे." डॉक्टरांच्या आईही दुसऱ्या आगटीपाशी चोळत होत्या. नऊवारी, मोकळं कपाळ, हात राकट. माझ्याशी हसून बोलल्या, पण एका शब्दानं काही दाखवलं नाही.

अण्णा काळी टोपी, कोट घालून मांडी ठोकून बसले होते. आधी हुरडा खाल्ला, मग विहीर पाहिली, मग इंजिन पाहिलं, मग ऊस किती, कांदा किती ते विचारून घेतलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की मी हातातली ताटली खाली ठेवली. त्यांनी डॉक्टरांच्या मामांकडं वळून विचारलं, "काय पाहुणे, मुलाचं यंदा कर्तव्य आहे की नाही?"

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "हाय की. बघतोय."

"आमचीही थोरली उजवली. आता ही धाकटी आहे."

सगळा आठवडा ज्या गोष्टीसाठी धावाधाव केली, ती माझ्या डोळ्यांदेखत, हुरड्याच्या ताटलीवर, दोन वाक्यांत ठरायला निघाली होती. मी डॉक्टरांकडं पाहिलं. ते आगटीत बघत होते. कंडक्टरसुद्धा चावायचा थांबला. बोलावं म्हटलं तर माझी ती सगळ्या गावाला पुरून उरणारी जीभ अण्णांपुढं उचलेना.

तेवढ्यात डॉक्टरांच्या आई, कणीस चोळता चोळता, मान वर न करता म्हणाल्या, "पावनं, ते इचारून झालंय."

"कधी? मला नाही कुणी विचारलं," अण्णा म्हणाले.

"तुमच्या पोरीला इचारलं माज्या पोरानं. ती न्हाई म्हनली. त्याला सोता यिऊन सांगून गेली. झालं की मग."

अण्णांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "तिला? तिला काय विचारायचं? तिला काय समजतंय?"

"तिला न्हाई तर कुनाला इचारायचं? नांदायचं तिला हाय." त्यांनी दाण्यांवर फुंकर मारली, भुसा उडवला. "मला बी असंच हुरड्याच्या दिसांत बगाय आल्ते. माजा बाप व्हय म्हनला, आन झालं. मला कुनी इचारलंच न्हाई. मानूस चांगला हुता, द्येवाघरी गेला बिचारा, मी त्याच्यासंगं सुकानं ऱ्हायले. इचारलं असतं तर मी व्हयच म्हनले असते. पर इचाराय पायजे हुतं, पावनं. आजून मनात येतं माज्या." मग ओंजळ अण्णांपुढं धरली. "घ्या. गार हुतोय."

अण्णांनी मुकाट्यानं हात पुढं केला. नर्सबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि धूर फार झालाय म्हणाल्या. मग कंडक्टरनं आणखी चटणी मागितली आणि सगळे एकदम बोलायला लागले. डॉक्टरांच्या आईच्या पाया पडावंसं मला इतकं वाटलं की निघताना मी खरंच पडले.

परतीच्या गाडीत अण्णा नगर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर मला ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ते ओरडले नाहीत. जेवले आणि झोपले. सोमवारी सकाळी मी नेहमीची गाडी पकडली. पुढं डॉक्टरांचं लग्न नर्सबाईंच्या भाचीशी झालं. त्यांनी तिला आधी विचारलं होतं, हे नर्सबाई वऱ्हाडात ज्याला त्याला सांगत सुटल्या होत्या.

पण मला सांगायचं आहे ते त्या हुरड्यानंतरच्याच चैत्रातलं. अण्णांच्या ओळखीचे एक गृहस्थ पुण्याचं स्थळ घेऊन घरी आले. मी स्वयंपाकघरात चहा टाकला होता, आई पोह्यांवर कोथिंबीर पेरत होती. बाहेर मुलाचा पगार, मुलाचं घर, मुलाच्या बहिणी असं सगळं झालं. गृहस्थ म्हणाले, "मग काय, पुढच्या आठवड्यात बैठक घेऊ?"

"थांबा," अण्णा म्हणाले. "तिला विचारतो."

आईच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. लग्नाला तीस वर्षं होत आली होती तिच्या, पण हे वाक्य तिनं त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी पदराला हात पुसत दारात गेले. अण्णांनी माझ्याकडं न बघता, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत, खरोखरच विचारलं. त्यांना ते किती जड गेलं, ते त्यांच्या आवाजात समजत होतं.

"नाही, अण्णा," मी म्हटलं. "एवढ्यात नाही."

अण्णांनी मान हलवली. मग त्या गृहस्थांकडं वळले आणि म्हणाले, "नाही म्हणतेय. तुम्ही पोहे घ्या."